ब्रेक पॅड बदलण्याआधी जुन्या पॅडकडे बघा

'बारा हजार किलोमीटरमध्ये गाडीचे ब्रेक पॅड संपले म्हणजे पॅडच डुप्लिकेट' असं कुणी म्हणेल. तसं असूही शकतं, पण आधी काढलेले पॅड शेजारी ठेवून बघा. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, तर दोष बहुतेक कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा: स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) जाम किंवा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) परत येत नाही. एकच पॅड तिरका झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकलीय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे रोज ये-जा असेल तर धूळ ठरलेलीच. पिनवरचा रबरी बूट (आवरण) फाटला की धूळ आत जाते, ग्रीस सुकतं आणि पिन हाताने हलत नाही. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं चासी ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पिना नीट सरकत असूनही ब्रेक धरून राहतो का, हे असं तपासा. चाक जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा, चाक फिरवा. जड फिरलं तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ब्रेक तेल सोडायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेल सुटताच चाक मोकळं झालं तर दाब अडकतोय, म्हणजे बहुधा होज (ब्रेक तेलाची रबरी नळी) आतून फुगलाय. तरीही जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिन. आणि हो, कॅलिपर उतरवला की होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. घर्षणाचा थर ३ मिमीवर आला की पॅड बदलाच.