मदत हवी आहे : चाकांवरची पोरं बर्फावर न्यायची आहेत, ब्लेडची धार किती ठेवावी?

राम राम मंडळी. जळगावात सिमेंटच्या कोर्टवर इनलाइन हॉकी (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरची हॉकी) खेळणारी १४-१६ वर्षांची मुलं डेहराडूनच्या आइस रिंकवर सरावाला न्यायची आहेत. डोळ्यांसमोर १८ वर्षांखालील आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे खालचे गट आहेत. तिथे चौघांऐवजी गोलकीपर सोडून पाच खेळाडू, २० मिनिटांचे तीन डाव, शिवाय आयसिंगचा नियम (आपल्या अर्ध्या भागातून चकती थेट समोरच्या गोलरेषेपार मारली की खेळ थांबतो). हे शिकवता येईल.

खरी अडचण थांबण्याची. चाकांवर पोरं मागचा पाय घासून थांबतात. बर्फावर दोन्ही ब्लेड आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. ब्लेडच्या दोन कडांमधली खाच खोल असेल तर ब्लेड रुततं अन् पोरगं तोंडावर पडतं. उथळ असेल तर वळणावर पाय सटकतो. ४०-४५ किलोच्या मुलांना अर्ध्या इंच त्रिज्येच्या खाचेची धार द्यावी की पाच अष्टमांश इंचाची (त्रिज्या मोठी तितकी खाच उथळ)? माझा कल पाच अष्टमांशाकडे आहे, कारण आधी थांबणं जमलं पाहिजे. पण हलक्या पोरांची पकड सुटेल का, ही काळजी आहे.

पुण्या-मुंबईत अशी धार कोण नीट लावून देतं? आणि इथल्या उन्हाळ्यात पाय बाजूला ढकलून घसरण्याच्या सरावासाठी लॅमिनेटचा स्लाइड बोर्ड (गुळगुळीत फळी) केला, तर लांबी किती ठेवावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावं.