पॉविस कॅसल आणि परिसर: सासऱ्यांना घेऊन जायचंय, आणखी काय बघावं?

कर्वेनगरची_सून

नमस्कार मंडळी. जूनमध्ये लेकीकडे बर्मिंगहॅमला जातोय. बरोबर सासरे आहेत. वय ७६, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गुडघे कुरकुरतात, पण ते कबूल करत नाहीत. लंडनचं त्यांना काही पडलेलं नाही. "टिपूचा तंबू वेल्समध्ये आहे तेवढा दाखवा, बाकी तुम्ही न्याल तिथे येतो," हे एकच धरून बसलेत. शोधल्यावर कळलं की तो वेल्शपूल गावाजवळ पॉविस कॅसलमध्ये आहे. आता एवढ्या लांब जाऊन नुसतं क्लाइव्हचं घर बघून परतायचं का? जवळपास धबधबा, तळं, डोंगर असं काही? लेक गाडी चालवते, शनिवार-रविवार हातात आहेत. आमच्या ह्यांना आगगाड्यांचं वेड आहे, त्यांच्यापुरतंही काही सापडलं तर प्रवासात शांतता नांदेल.

तळ्यातमळ्यात

क्लाइव्हचं घर म्हणू नका, सासरे गाडीतच शाळा घेतील. 😀 प्लासीवाला रॉबर्ट क्लाइव्ह १७७४ मध्येच गेला. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं, आणि तिचा भाऊ १८०१ मध्ये वारल्यावर इस्टेट क्लाइव्हांकडे वळली. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली तेव्हा, म्हणजे १७९९ मध्ये, हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. तंबू तिथे कसा पोचला ते यावरून समजेल.

मुळशीखोरे

नोकरीनिमित्त श्रूजबरीला राहायचो, आता परत बावधनला. पाहुणे आले की पॉविस ठरलेलंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्ला तेराव्या शतकातला, एका वेल्श राजाने बांधलेला, लालसर दगडाचा. १९५२ पासून नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहे. लेकीकडे ट्रस्टची मेंबरशिप असेल तर तिकिटाचे पैसे वाचतील. किल्ल्याच्या आणि बागेच्या वेळा वेगळ्या असतात, निघण्याआधी साइटवर बघा. आधी किल्ल्यातलं म्युझियम उरका, तंबू तिथेच आहे. तंबू म्हणजे सुती कापड, त्यावर कमानी आणि कमानींत फुलदाण्या. रंग असे की आपल्याकडच्या जुन्या पेटीतून आत्ता काढल्यासारखे वाटतात. पण खरी थांबायची जागा म्हणजे टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं. मुठीत मावेल एवढंच आहे, माणिक-पाचू जडवलेलं. लुटीची वाटणी करायला ते सिंहासन तोडून तुकडे केले, त्यातला हा एक. लोक तंबूच्या नादात पुढे सरकतात आणि हे राहून जातं. सासऱ्यांना इथे घाई करू नका.

बाग डोंगरउतारावर गच्च्या-गच्च्यांची आहे. तीनशे वर्षांची यू नावाची सदाहरित झाडं कापून-कापून त्यांचे ढगांसारखे ढीग केलेत. वरच्या गच्चीवरून सगळं दिसतं. खाली उतरलात की तेवढंच चढायचंय, आणि गुडघे तिथेच बोलायला लागतील. आजोबांना वर बाकावर बसवा.

आता माझं खरं म्हणणं. रविवार व्हर्नवीच्या तळ्याला (Lake Vyrnwy) द्या, ते धरणाचं आहे. हे धरण १८८० च्या दशकात लिव्हरपूल शहराला पाणी द्यायला बांधलं. ब्रिटनमधलं पहिलं मोठं दगडी धरण. ल्लानवुद्दिन गाव बुडालं, धरणाखाली नवं वसवलं, जुन्या दफनभूमीतले मृतदेहसुद्धा उकरून नव्या चर्चजवळ पुरले. तळ्यात एक बुरूज दिसतो, परीकथेतला वाटतो, पण तो पाणी गाळून लिव्हरपूलच्या नळाकडे सोडणारा मनोरा आहे. भिंतीवरून रस्ता जातो. सांडव्याला बाजूचा वेगळा चर नाही, तळं भरलं की पाणी भिंतीवरूनच खाली येतं.

आमचं मूळ गाव मुळशीच्या पाण्याखाली आहे. वीज मुंबईला गेली आणि आजोबा-पणजोबा डोंगरावर. त्यामुळे तिथले फलक मी सगळ्यांपेक्षा सावकाश वाचायचो. त्या धरणाविरुद्धचा सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा. वेल्समध्ये पुढे त्याच लिव्हरपूलसाठी बाला गावाजवळचं कापेल केलिन हे खेडं १९६५ मध्ये बुडवलं, तेव्हा मात्र तिथली जनता पेटली. वेल्श राष्ट्रवादाची गोष्ट सांगताना तिथले लोक आजही त्याचं नाव घेतात. तुमच्या सासऱ्यांना टिपूपेक्षा इथे जास्त बोलावंसं वाटेल, असा माझा अंदाज.

धबधबा हवाच असेल तर पिस्टिल ऱ्हायडर. साधारण ७३ मीटर, मध्ये दगडाची नैसर्गिक कमान. ल्लानऱ्हायडर गावापासून रस्ता एका गाडीपुरता आणि पुढे संपतो, म्हणून सकाळी लवकर जा. पायथ्याशीच गाडी थांबते, आजोबांना चालावं लागणार नाही.

वाफेचे_इंजिन

ह्यांच्यासाठी: वेल्शपूल अँड ल्लानफेअर लाइट रेल्वे. १९०३ ची, अडीच फुटी गेज (रुळांमधलं अंतर). म्हणजे माथेरानच्या दोन फुटीपेक्षा अर्धा फूट जास्त, हे आधीच सांगतो, वाद नको. १९०२ ची मूळ दोन इंजिनं, 'द अर्ल' आणि 'द काउंटेस'. ही नावं पॉविसच्याच अर्ल (उमराव) आणि त्याच्या बायकोवरून. एकेकाळी गाडी गावातल्या घरांच्या मधून जायची, आता गावाच्या पश्चिम टोकाहून सुटते. स्वयंसेवक चालवतात, रोज धावत नाही, वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा.

कर्वेनगरची_सून

भरपूर मिळालं! सासऱ्यांना वाचून दाखवलं. मुळशीचं ऐकून म्हणाले, "तिथे आधी जाऊ, तंबू पळून जात नाही." आता क्रम उलटा झाला. जेवणाचं काय? आम्ही अंडंही खात नाही.

मुळशीखोरे

व्हर्नवीजवळ फारसं काही नाही, डबा न्या. धपाटे दुसऱ्या दिवशीही चालतात. वेल्श केक सगळीकडे दिसतील, छान लागतात, पण त्यात अंडं असतं आणि काही ठिकाणी डुकराची चरबीही, तेव्हा विचारून घ्या. आणि जून असला तरी रेनकोट बॅगेच्या वरच्या कप्प्यातच ठेवा.