अनुभव धागा: जन्मानंच मागं पडलेल्यांसाठी कुणी काय केलं?

भाषणं नकोत, स्वतःचा अनुभव लिहा. फी कुणी भरली, दाखला कुणी अडवला, काहीही चालेल. माणसांची, संस्थांची नावं टाळा.

केज, बीड
आईबाप ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले की दिवाळीच्या आगंमागं टोळी सांगली-कोल्हापूरकडं निघायची, ती गुढीपाडव्यालाच परत. सहावीपर्यंत मीही जायचो. उसाच्या फडात शाळा कसली? कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, पाणी आणायचं, वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायच्या, धाकटीला सांभाळायचं. सातवीत गुरुजींनी हंगामी वसतिगृहात नाव घातलं. वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण; झोपायला आजीकडं. तेवढ्यावर शिकलो, आज तलाठी आहे. लोक जिद्दीचं कौतुक करतात. जिद्द बहिणीतही होती. तिचं नाव कुणी घातलं नाही. वयात यायच्या आत लग्न लावलं, आता तीही कोयत्यावर.

शिक्षिका, मराठवाडा
आमच्याकडं एका वर्षी वसतिगृहाची मंजुरी डिसेंबर उलटल्यावर आली. पोरं केव्हाच ट्रॅक्टरवर बसून गेलेली. आता जेवण वाढायचं कुणाला?

सोलापूर
आम्ही कैकाडी. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार. पणजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड, रोज हजेरी. कायदा 1952 साली गेला. मी जातीच्या दाखल्याला गेलो तर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा आणा म्हणाले! हजेरी घेताना बरे सापडत होतो. शेवटी एका वकिलानं चुलत आजोबांचा शाळेतला उतारा शोधून काढला. फी घेतली नाही, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

ऊस उत्पादक, सांगली
वरचं वाचून थोडा राग आला. आम्ही काय सावकार आहोत? तोडणी-वाहतूक आमच्याच बिलातून कापली जाते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं 10 रुपये द्यायचे ठरलंय. साखर खाणाऱ्या शहरांनीही उचलावा की भार. बाकी फडातली पोरं डोळ्यांपुढं असतात, त्यांचं काय करायचं ते सांगा.

पुणे
मुलगी शिक्षण हक्काच्या 25 टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत. प्रवेश सरकारनं दिला. वाढदिवसाचं बोलावणं अजून एकही नाही.

केज, बीड
सांगलीकर, टोळी आली की पोरांकडं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित पोरांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) आहे का विचारा. असलं तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जा. नसलं तरी घेऊन जा, प्रवेश नाकारता येत नाही. मुकादम कुरकुर करेल. तुमच्या रानात उभा असतो तेव्हा तुमचं ऐकेल, आमचं नाही ऐकत.