मदत हवी आहे: आयडा टार्बेलचं कोणतं प्रकरण वर्गात वाचायला द्यावं?

पत्रकारितेच्या पदवी वर्गाला अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेलची, जॉन रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीवरची लेखमाला शिकवायची आहे. 'मॅक्लुअर्स' मासिकात ती नोव्हेंबर १९०२ पासून आली, १९०४ मध्ये पुस्तक निघालं. मूळ मजकूर नेटवर मोफत आहे, त्यामुळे प्रत नको. मुलं मराठी माध्यमातली, म्हणून अनुवाद मीच करणार. आठ-दहा पानांपलीकडे जमणार नाही. तास एकच.

पहिलं प्रकरण देऊन पाहिलं. पेनसिल्व्हेनियातल्या तेलधंद्याचा जन्म त्यात सुरेख आलाय, पण शोध कसा घेतला ते दिसत नाही. मग १८७२ च्या तेलयुद्धाचं तिसरं प्रकरण घेतलं. एका करारानुसार प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा रेल्वे कंपन्या रॉकफेलरच्या गटाला देणार होत्या, हे वाचून मुलं हादरली आणि विचारू लागली, "बाईंनी हे सिद्ध कसं केलं?" मला नेमकं तेच दाखवायचंय: साक्षी, चौकशी समित्यांचे अहवाल, कागद एकमेकांशी ताडून पाहणं.

आता 'कटिंग टू किल' या दहाव्या प्रकरणावर नजर आहे. प्रतिस्पर्ध्यांचा माल कुठे चाललाय याची खबर रेल्वेतून कशी काढली जाई, ते त्यात आहे. पुरावे भरपूर, पण मागचा संदर्भ नसेल तर मुलांना झेपेल का, ही शंका.

टार्बेलचे वडील स्वतः तेलाच्या धंद्यात होते, हे मी आधी सांगणारच आहे. वॉटरगेट (निक्सन प्रकरणाची शोधपत्रकारिता) सुचवू नका, ते पुढच्या सत्रात आहे.

कुणी हे शिकवलंय का? दहावं प्रकरण एकटं पुरेल, की तिसऱ्यातला कराराचा भाग जोडावा, आणि जोडायचा तर कुठून कुठवर?