फी अडकली, प्रतिपूर्ती रखडली: तंगीच्या वर्षात एमबीए कॉलेजनं आधी काय धरायचं?

खाडीकाठ, रत्नागिरी
ट्रस्टचं विनाअनुदानित वाणिज्य-व्यवस्थापन कॉलेज आहे. एमबीएच्या ६० जागांपैकी ४२ भरल्या, त्यातले २५ शिष्यवृत्ती-सवलतीवर. म्हणजे रोख फी देणारे १७च. विकास समितीपुढे तीन प्रस्ताव आहेत: संगणक कक्ष नवा करणं, दोन पूर्णवेळ प्राध्यापक कमी करून तासिका तत्त्वावर माणसं घेणं, आणि अल्पमुदतीचे कोर्स काढणं. प्राधान्य कशाला द्यावं? जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं.

जमाखर्च
सर, प्रस्ताव बाजूला ठेवा, आधी बारा महिन्यांचा रोखीचा तक्ता मांडा. ताळेबंदात फी 'येणे' म्हणून दिसते, पण येण्यांतून पगार होत नाहीत. फीच्या तीन ओळी करा: विद्यार्थी रोख भरणार ती, शासन कॉलेजला देणार ती, आणि शासन विद्यार्थ्याच्या खात्यात टाकणार ती.

तिसरी सर्वांत नाजूक. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जातो आणि त्यानं तो कॉलेजला भरायचा असतो. घरात दुखणंखुपणं निघालं की पैसे तिकडे जातात, आणि त्यात त्या घराला दोष देता येत नाही. म्हणून पैसे येतील त्याच आठवड्यात भरायचे, हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून समजावा.

२०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलींसाठी फार मोलाची गोष्ट. मात्र ही प्रतिपूर्ती, म्हणजे माफ फीपोटी शासनाकडून येणारे पैसे, तक्त्यात चालू वर्षात धरू नका, पुढच्या वर्षात टाका. आणि महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती अर्जांचं राज्याचं पोर्टल) कॉलेजच्याच लॉगिनमध्ये किती अर्ज पडून आहेत ते दर सोमवारी बघा. उत्पन्नाचा दाखला जुना, खातं आधारशी जोडलेलं नाही, एवढ्यावरही अर्ज अडतो.

रापण
फीच्या तारखा दर्या आणि बागेकडे बघून लावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि नेमक्या त्या ६१ दिवसांत आपण दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता मागतो. तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाश्यांच्या घरी तेव्हा मिळकत नाही, वर होडीची डागडुजी आणि जाळ्यांचा खर्च. त्यांच्याकडून जूनमध्ये १० टक्के घ्या, बाकी ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारीत समान. बागायतदारांचं उलट. वाशी बाजारातून विकलेल्या आंब्याच्या हिशोबाची पट्टी आणि पैसे हातात येतात ते हंगाम आटपताना, तेव्हा जूनमध्येच ५० टक्के मागायला हरकत नाही. गणपतीआधीच्या पंधरवड्यात कुणाचाच हप्ता नको. उशिराचा दंड तर काढूनच टाका. त्यानं वसुली वाढत नाही, पोरगं वर्गात यायचं बंद होतं.

लेखापाल, चिपळूण
प्राध्यापकांना हात लावू नका. एमबीएला एआयसीटीईचं (तंत्र-व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:२० आहे. दोन वर्षांच्या १२० जागांना ६ शिक्षक लागतात. पगार वाचवायला गेलात तर मान्यतेचाच प्रश्न उभा राहील. संगणक कक्ष यंदा नको. जुन्या यंत्रांत एसएसडी आणि रॅम घातली तर टॅली, एक्सेल व्यवस्थित चालतं. पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र आधी बदला.

कोर्स काढा, पण जीएसटी समजून. पदवीची फी करमुक्त आहे, स्वतःच्या प्रमाणपत्र कोर्सवर १८ टक्के लागतो. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा उलाढालीत धरतात, त्यामुळे पहिल्या बॅचपासून नोंदणी लागते. जाहिरातीत नुसते ४,००० छापलेत तर कर त्यातूनच जाईल: ६१० कर, हातात ३,३९०. '४,००० अधिक जीएसटी' असं छापा, म्हणजे विद्यार्थी ४,७२० भरेल.

विषय इथल्या धंद्याचे घ्या. काजू युनिटचा खर्चाचा हिशोब (१०० किलो बीतून अख्खा गर किती, तुकडा किती, टरफलाचं काय आलं), आंबा निर्यातीसाठी मँगोनेट या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी, मासळी निर्यातीची कागदपत्रं. डिजिटल मार्केटिंगचे कोर्स मोबाइलवर फुकट मिळतात, त्यासाठी कुणी लांज्याहून एसटीनं येणार नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी
आभार. तक्ता मांडला तर ऑगस्ट-सप्टेंबरचे पगार तुटतात. मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल) काढला तर? व्याज वापरलेल्या दिवसांचंच लागतं.

जमाखर्च
तोही कर्जच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना कर्ज काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बँक देते म्हणून घेतला तर विश्वस्त अडचणीत येतात. विश्वस्तांचा ठराव, लेखापरीक्षित हिशोब आणि बँकेचं पत्र जोडून अर्ज आत्ताच करा, परवानगीला वेळ लागतो. यंदासाठी मोठी ठेव आहे ती मोडून तीन भाग करा. एक भाग ऑगस्टसाठी बचत खात्यात, दुसरा सप्टेंबरच्या पगाराआधी मुदत संपेल असा, तिसरा मार्चपर्यंत. मुदतीआधी मोडल्यानं व्याज थोडं कमी मिळेल, पण परवानगीची गरज नाही आणि पगार १ तारखेला होतील.