डेस्कटॉपवरून थेट ठरलेला मेल उघडता येतो का?

प्रश्न: रोज त्याच तिघांना, त्याच विषयाने मेल जातो. विंडोजमध्ये एका क्लिकवर पत्ते आणि विषय भरलेली खिडकी उघडेल का?

उत्तर १: हो. डेस्कटॉपवर राइट-क्लिक, न्यू, शॉर्टकट. लोकेशनच्या चौकटीत इंग्रजीत मेलटू (mailto), कोलन आणि लगेच पत्ता. पुढे प्रश्नचिन्ह, सब्जेक्ट (subject), बरोबरचं चिन्ह, मग विषय. विषयात मोकळी जागा ठेवू नका, तिथे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी आकड्यांत वीस (%20) लिहा. मजकूर हवा असेल तर अँड-चिन्ह (&) लावून बॉडी (body), बरोबरचं चिन्ह आणि मजकूर.

उत्तर २: आउटलुक असेल तर पत्त्यांमध्ये स्वल्पविराम नको, अर्धविराम द्या. नाहीतर तिन्ही पत्ते एकच समजले जातात आणि मेल अडतो. ब्राउझरच उघडला तर सेटिंग्ज, अॅप्स, डिफॉल्ट अॅप्समध्ये मेलटूसमोर आपला मेल-प्रोग्रॅम निवडा.

प्रश्नकर्ता: आणि अटॅचमेंट?

उत्तर १: या मार्गाने नाही. जुन्या आउटलुकमध्ये मेल तयार करून, फाइल जोडून सेव्ह अॅजमध्ये ‘आउटलुक टेम्प्लेट’ निवडा आणि त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. फक्त फाइल बदलली की टेम्प्लेटही नव्याने सेव्ह करा, नाहीतर जुनीच प्रत जाईल. लांब मजकुरालाही हेच बरं.

उत्तर ३: कीबोर्डवरून उघडायचं असेल तर शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट-कीच्या चौकटीत एक अक्षर दाबा, कंट्रोल-ऑल्ट आपोआप लागतं. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच राहू द्या. दुसऱ्या फोल्डरात हलवला तर ही शॉर्टकट-की चालत नाही.