चौकात पिकअपनं कारला बाजूनं ठोकलं, ताई सिरियस जखमी, आणि गुन्हा मात्र दाजींवरच. चूक कोणाची हे सिद्ध कसं करायचं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, घरात सगळे गोंधळलेत. ताई-दाजी जळगावला असतात, लग्नासाठी नाशिकला आले होते, रात्री हळदीवरून परत येताना एका चौकात (सिग्नल होता पण रात्रीचा पिवळा ब्लिंक करत होता) डाव्या हाताच्या रस्त्यानं एक पिकअप जोरात आली आणि आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला धडकली. ताई बरोबर तिथेच बसली होती. माकडहाडाच्या वर पेल्व्हिसला दोन ठिकाणी फ्रॅक्चर, डाव्या तीन बरगड्या, प्लीहेला मार, आयसीयूतून आता वॉर्डात आणलंय. दाजींना खरचटण्यापलीकडे काही नाही.

आम्ही सगळे हॉस्पिटलमध्ये असताना पिकअपचा मालक पोलीस स्टेशनला जाऊन बसला आणि त्याच्या ड्रायव्हरच्या तक्रारीवरून एफआयआर दाजींवर झाली, की कार अचानक आडवी आली. आता सगळे म्हणतायत की एफआयआर दाजींवर आहे म्हणजे ताईला एक रुपया मिळणार नाही. पिकअपचा इन्शुरन्स चालू आहे पण त्यांचा माणूस म्हणतो ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स नाही, फक्त एलएमव्ही (हलक्या गाडीचं) आहे, कंपनी देणार नाही. ताई घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म, महिन्याला बारा हजारांच्या आसपास सुटतात पण कागद काहीच नाही. ती मागे बेल्ट न लावता बसली होती हेही सांगून ठेवतो. पंधरवडा होत आलाय. काय करू?

खानदेशी_बाणा:
यात विचार कसला करायचा, ज्यानं येऊन ठोकलं त्याची चूक. मार गाडीच्या बाजूला आहे म्हणजे सरळ दिसतंय कोण कोणावर गेलं ते. ताईला लवकर बरं वाटो.

कोर्टाची_पायरी:
मी मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या केसेस बघतो म्हणून सांगतो, वरचं उत्तर मनापासून आहे पण कोर्टात असं चालत नाही. बाजूनं लागलेल्या धडकेत मार कुठे बसला यावरून फक्त एवढंच कळतं की कोणाचं तोंड कोणाच्या अंगावर आलं. सिग्नल तोडून आडवी घुसलेली गाडीसुद्धा बाजूलाच मार खाते. म्हणून प्रश्न असा असतो की चौकात आधी कोण शिरलं, कोणी कोणाला वाट द्यायला हवी होती आणि कोणी वेग कमी केला नाही.

आता तुमच्या केसमध्ये चांगली बाजू ऐका. पिवळा ब्लिंकर म्हणजे दोघांनीही हळू होऊन, बघून जायचं. आणि जिथे कोणाला स्पष्ट प्राधान्य नाही तिथे आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये आहे आणि त्याआधी १९८९ च्या नियमांतही होता. पिकअप दाजींच्या डावीकडून आली म्हणजे दाजी तिच्या उजवीकडे होते, थांबायचं तिनं होतं. फक्त एक बघा, दोन्ही रस्ते सारखेच आहेत ना? पिकअप मेन रोडवर असेल आणि दाजी गल्लीतून निघाले असतील तर गणित उलटं होतं, त्यामुळे आपल्या वकिलाला हे खरं खरं सांगा.

एफआयआरचं टेन्शन इतकं घेऊ नका. एफआयआर म्हणजे पोलिसांकडे आधी पोचलेल्या माणसाची गोष्ट, निकाल नाही. न्यायाधिकरण स्वतः पुरावा बघतं आणि तिथं फौजदारी कोर्टासारखं "संशयापलीकडे" सिद्ध करावं लागत नाही, कोणती गोष्ट जास्त संभवनीय आहे एवढं दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टानं बिमला देवी (२००९) आणि मंगला राम (२०१८) या निकालांत हे स्पष्ट केलंय, फौजदारी केसमध्ये ड्रायव्हर सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. पण म्हणून गप्पही बसू नका. ताई बोलण्याच्या स्थितीत आली की तिचा जबाब नोंदवून घ्यायला लावा, दाजींची उलट तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, स्टेशनला घेतली नाही तर वरिष्ठांकडे पोस्टानं पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताई गाडी चालवत नव्हती. दोन ड्रायव्हरांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली तर तिला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून मागता येते, सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा खेन्येई निकाल हेच सांगतो. दोघांची चूक किती किती टक्के हे भांडण दोन्ही गाड्यांच्या इन्शुरन्स कंपन्यांनी आपसात मिटवायचं. उद्या न्यायाधिकरण म्हणालं की दाजींची ४० टक्के चूक, तरी ताईच्या रकमेतून ४० टक्के कापले जात नाहीत, दाजींनी स्वतःच्या इजेचा दावा केला असता तर त्यांचे कापले असते. "एक रुपया मिळणार नाही" हे साफ चुकीचं आहे.

गॅरेज_ते_कोर्ट:
मी सर्व्हेचं काम करतो, गाडीपुरतं बोलतो. कार कुठे आहे आत्ता? पोलिसांनी सोडली असेल तरी दुरुस्तीला देऊ नका, स्क्रॅपला तर अजिबात नको. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली का ते विचारा आणि त्याआधीच स्वतः भरपूर फोटो काढा, दिवसा उजेडात, लांबून आणि जवळून, दाराच्या आतून सुद्धा.

काय बघायचं ते सांगतो. मार मागच्या दारावर आहे म्हणजे कारचा पुढचा अर्धा भाग पिकअपच्या समोरून आधीच पुढे गेला होता. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या रस्त्यानं आलेली पिकअप दाजींना चौकाच्या पलीकडच्या अंगाला भेटणार, म्हणजे दाजींचा चौक जवळजवळ ओलांडून झाला होता. एकट्या या गोष्टीवर केस उभी राहत नाही, पण "अचानक आडवी आली" या गोष्टीला हे चांगलंच छेद देतं. मग पत्र्यावर ओरखडे कोणत्या दिशेला गेलेत ते बघा. कार चालत असेल तर ओरखडा दारावरून मागच्या चाकाकडे ओढला जातो आणि पिकअपचं बंपर कारच्या जाण्याच्या दिशेनं वाकतं. म्हणून पिकअपच्या तोंडाचे फोटोसुद्धा हवेत आणि ती गाडी हे लोक पहिल्यांदा रिपेअर करून रस्त्यावर काढतात, आजच जा. पिकअपचे ब्रेकचे टायरमार्क पंचनाम्यात आहेत का, किती लांबीचे, काचा कुठे पडल्या, दोन्ही गाड्या शेवटी कुठे थांबल्या, हे स्पॉट पंचनाम्यात आणि कच्च्या नकाशात असतं. त्याची प्रत मिळवून चौकात जाऊन स्वतः ताडून बघा. पंचनामा गाड्या हलवल्यावर केलेला असेल तर तेही लिहून ठेवा.

बेल्टचं. समोरून धडक बसली तर माणूस आणि इंजिन यांच्यात दोन-तीन फूट पत्रा असतो चेपायला, बाजूनं फक्त दार. आपल्याकडची साइड इम्पॅक्ट टेस्ट (एआयएस-०९९) घेतात ती ९५० किलोचा ठोकळा ताशी ५० किमीनं दारावर आणून, आणि लोड केलेली पिकअप त्याच्या दुपटीच्याही वर जाते. त्यात दारच आत येतं आणि तिथे बसलेल्याच्या कंबरेला, बरगड्यांना, डावीकडे असेल तर प्लीहेला लागतं, ताईच्या जखमा अगदी तशाच आहेत. बेल्ट जरूर लावावा, मागे बसणाऱ्यालाही कायद्यानं सक्ती आहे, पण आत येणारं दार बेल्ट थांबवत नाही हे डॉक्टरला आणि एक्स्पर्टला कोर्टात सांगता येईल.

कोर्टाची_पायरी:
@गॅरेज_ते_कोर्ट एकदम बरोबर. बेल्टवर कंपनी बोट ठेवणारच. पण सुप्रीम कोर्टानं २०२० साली मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात मोटरसायकलवर ट्रिपल सीट असतानासुद्धा सांगितलं की नियम मोडला एवढ्यानं भागत नाही, त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असा संबंध दाखवावा लागतो.

लायसन्सचं पण सांगून टाकतो, तो जुना बहाणा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ठरवलंय की एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. पिकअप त्यात आरामात बसते. आरसीवर वजन बघून घ्या.

सांगलीची_लेक:
दादा, मी यातून गेलेय, माझ्याही बाजूच्या दारावर टेम्पो आला होता, त्यामुळे ताईची अवस्था मला कळते. डिस्चार्जच्या वेळी लोक येतील, गोड बोलतील, थोडे पैसे देतो तडजोडीवर सही करा म्हणतील. सही करू नका, ताईच्या हातून तर नाहीच, औषधाच्या गुंगीत माणूस काय वाचणार! हॉस्पिटलनं एमएलसी (पोलीस केस म्हणून हॉस्पिटल करतं ती नोंद) नोंदवलीय का आणि त्यात अपघात कसा झाला म्हणून काय लिहिलंय ते आत्ताच वाचा, घाईत कोणीतरी "पडली" असं लिहितं आणि मग वर्षानुवर्षं तो एक शब्द उलटतपासणीत पुढे येत राहतो. मेडिकलचं प्रत्येक बिल, ॲम्ब्युलन्स, फिजिओ, घरी बाई ठेवली तर तिला दिलेले पैसे, सगळं एका फाइलमध्ये. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म्स घरी आणा.

मेडिक्लेम वापरला असेल तर घाबरू नका, मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, तो हप्ता आपण आपल्या खिशातून भरलेला असतो.

आणि शिवणकाम आहे ना, मग अपंगत्वाचा दाखला घेताना डॉक्टरांना सांगा की पायमशीन चालवावी लागते, तासन् तास बसावं लागतं. मला दाखल्यावर टक्के कमी मिळाले होते पण माझं उभ्यानं करायचं काम कायमचं गेलं आणि न्यायाधिकरणानं कामावरचा परिणाम धरला.

कोर्टाची_पायरी:
हो, सांगलीच्या ताईंनी लिहिलंय तो राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) निकाल. शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईची ताकद किती गेली ते टक्के वेगळे. अंदाज यावा म्हणून हिशोब मांडतो. महिना १२ हजार धरले, वय ३४ असं समजतो, चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असणाऱ्यांना भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे १६,८००, वर्षाचे २,०१,६००. कमाईची ताकद २० टक्के गेली असं मानलं तर ४०,३२० आणि त्या वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, झाले ६,४५,१२०. हे फक्त कमाईचं, दवाखाना, वेदना, पुढची ऑपरेशनं, बेडवर गेलेले महिने हे सगळं वेगळं. कागद नसेल तर युनिफॉर्म देणाऱ्या दुकानदाराला साक्षीदार करा, कापडाची बिलं, फोनवर आलेले गिऱ्हाइकांचे पैसे, यातून उत्पन्न दाखवता येतं.

गोदाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच धीर आला. रस्ते दोन्ही सारख्याच रुंदीचे आहेत, ताई ३४ चीच आहे. चौकातल्या मेडिकलवाल्याकडे कॅमेरा आहे, तो म्हणतो पोलीस मागतील तेव्हा देईन. आणि एक अडचण आहे, तुम्ही दोघांपैकी कोणाकडूनही मागता येतं म्हणालात म्हणजे ताईनं दाजींना पार्टी करायचं? ताईच्या सासूबाई रडायला लागल्या, म्हणे बायको नवऱ्याला कोर्टात खेचणार का. दाजी तर आधीच झोपत नाहीयेत.

सांगलीची_लेक:
दाजींना सांगा की हे त्यांच्याविरुद्ध नाहीये. गाडीची पॉलिसी आहे, तिचे हप्ते त्यांनीच भरलेत, ते बायकोच्या उपचाराला उपयोगी पडणार असतील तर त्यात खेचणं कुठून आलं. सासूबाईंना कोणीतरी शांतपणे बसून समजवा, शक्यतो दाजींनीच.

कोर्टाची_पायरी:
भावना समजते, पण कागदावर "सामनेवाला" लिहिलं म्हणून नातं बदलत नाही, आणि नाव नसेल तर त्या कारच्या कंपनीपर्यंत पोचता येत नाही. मात्र नाव घालण्याआधी पॉलिसी काढून बघा. पॅकेज पॉलिसी (लोक फुल इन्शुरन्स म्हणतात ती) असेल तर गाडीत बसलेले लोक कव्हर असतात, सुप्रीम कोर्टानं बालकृष्णन प्रकरणात ते मान्य केलंय. नुसती थर्ड पार्टी असेल तर खाजगी कारमधल्या प्रवाशाला ती कंपनी देत नाही आणि बोजा दाजींच्या अंगावर यायची भीती, तसं असेल तर सगळा भर पिकअपच्या कंपनीवर ठेवायचा, खेन्येईमुळे ते करता येतं. हा निर्णय वकिलाबरोबर पॉलिसी समोर ठेवून घ्या, घरच्या बैठकीत नको.

कॅमेऱ्याचं मात्र आज. बहुतेक दुकानांत जुनं रेकॉर्डिंग काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, तुमचा पंधरवडा आधीच गेलाय. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की अमुक दुकान, अमुक तारीख, अमुक वेळ, फुटेज जप्त करा, आणि त्याची एक प्रत मेडिकलवाल्याला देऊन पुसू नका अशी विनंती करा. नंतर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही आणि एक्स्पर्टची सही. मोबाईलवर स्क्रीनचं शूटिंग घ्या हवं तर, काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्यावर अवलंबून राहू नका.

दावा जळगावलाच करा, अर्जदार राहतो तिथे करता येतो, ताईला नाशिकच्या चकरा नकोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, १ एप्रिल २०२२ पासून. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबायचं काही कारण नाही, चौथ्या महिन्यात अर्ज तयार असू दे. कोणी कलम १६४ चा सल्ला देईल, त्यात कोणाचीच चूक सिद्ध करावी लागत नाही पण गंभीर इजेला अडीच लाखांवर थांबतं, ताईच्या दुखापतीला ते पुरणार नाही. पुरावा हातात असताना १६६ च.

गोदाकाठ:
दाजींशी बोललो. पॉलिसी पॅकेज आहे, नाव घाला म्हणाले. मी अर्ज लिहायला बसलोय, संध्याकाळच्या आत स्टेशनला आणि मेडिकलवाल्याला दोन्हीकडे देतो आणि तिथूनच पिकअप उभी आहे तिथे फोटो काढायला जातो.

गॅरेज_ते_कोर्ट:
फोटो काढताना बंपरशेजारी टेप धरा, जमिनीपासूनची उंची दिसली पाहिजे, आणि तशीच कारच्या दारावरच्या माराची उंची घ्या. दोन्ही जुळली की तो मार दुसऱ्या कशाचा आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. पिकअपची नंबर प्लेट त्याच फ्रेममध्ये येऊ दे.